नाणं टाका, गाणं बघा

सांगलीत कृष्णेच्या घाटावर गाणी शूट करणारी पोरं जिथं अडतात ते दुखणं जुनंच आहे: गाणं आधी रेकॉर्ड, चित्र नंतर, मग स्पीकरवर वाजणाऱ्या गाण्याशी ओठ जुळवत बसायचं. अमेरिकेत १९४०च्या दशकात 'साउंडी' अशाच बनत. तीनेक मिनिटांची १६ मिमी फिल्म, 'पॅनोरम' नावाच्या लाकडी कपाटात; १० सेंट टाकायचे. रिळावर आठ गाणी, पण निवड नाही, पुढचं येईल ते मुकाट्यानं बघायचं. आत आरसे असल्यानं प्रिंट उलटी काढत, म्हणून साध्या प्रोजेक्टरवर त्यातली अक्षरं उलटी दिसतात. १९६० मध्ये फ्रान्सच्या 'स्कोपिटोन' या तसल्याच यंत्रानं रंग आणला आणि ३६ गाण्यांतून निवडही दिली. एमटीव्ही १९८१ची, ती कथा सगळ्यांना पाठ आहे.

आता घाटावरचं. स्पीकर गायकापासून ३४ मीटर लांब असेल तर आवाज ०.१ सेकंद उशिरा पोचतो, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या (चित्रांच्या) हिशेबात अडीच फ्रेम. ओठ मागे पडणारच! स्पीकर जवळ, पण फ्रेमबाहेर ठेवा. स्लो मोशन हवं तर ५० फ्रेमवर शूट करताना गाणं दुप्पट वेगानं वाजवा; एडिटिंगमध्ये २५ वर आणलं की ओठ जुळतात. कॅमेऱ्याचा माइक बंद करू नका, ट्रॅक जुळवायला तोच लागतो.