गच्चीवरच्या हॉट टबाचं पाणी

टबाचं झाकण उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास आला, की पाहुणे हमखास म्हणतात, "क्लोरीन जरा जास्तच टाकलंय वाटतं." प्रत्यक्षात तो वास क्लोरीन कमी पडल्याचा असतो. घामातल्या आणि लघवीतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन्स तयार होतात. वास येतो तो त्यांचा, आणि जंतू मारायची ताकद त्यांच्यात फार थोडी असते. पुरेसं मोकळं, म्हणजे असा संयोग न झालेलं, क्लोरीन असलेल्या पाण्याला जवळजवळ वासच नसतो. म्हणून वास आला की आमच्याकडे टबात कुणी उतरत नाही. आधी तपासणी, मग पुढचं.

मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. निवृत्तीनंतर नाशिकला गंगापूर रोडच्या घराच्या गच्चीवर हा टब आला तो यांच्या कंबरेसाठी. फिरतीच्या नोकरीत त्यांचा जन्म गाडीत बसून गेला. साधारण बाराशे लिटरचा, चार माणसांचा टब आहे. गरम पाण्यात बसायचं आणि जेटमधून, म्हणजे आतल्या तोंडांतून, पाण्याच्या आणि हवेच्या धारा अंगावर घ्यायच्या. बसवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून गच्ची तपासून घेतली, कारण बाराशे लिटर पाणी म्हणजे १.२ टन, वर माणसांचं आणि टबाचं वजन वेगळं. हे पाऊल कुणीही गाळू नये.

आता ओळखीतल्या तीन-चार घरी, गंगापूर धरणाकडच्या फार्महाउसांवर, असे टब आले आहेत आणि मला सारखे फोन येतात. सगळ्यांचं म्हणणं एकच: "पाणी तर नितळ दिसतंय." मला मनापासून सांगायचंय ते हेच, की या पाण्याच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबून चालत नाही. ३७-३८ अंशांचं पाणी माणसाला जितकं सुखाचं, तितकंच जंतूंनाही. त्यात उष्णतेनं आणि बुडबुड्यांमुळे क्लोरीन भराभर उडून जातं. नितळ पाण्यात स्यूडोमोनास नावाचा जंतू वाढलेला असू शकतो. मग एक-दोन दिवसांनी अंगावर, विशेषतः ओला पोहण्याचा पोशाख जिथे घट्ट बसतो तिथे, लाल पुरळ उठतं.

फुप्फुसांना ग्रासणारा लिजिओनेला हा जंतू तर त्याहून गंभीर. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोवेनकार्स्पेल गावात फुलांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे विक्रीसाठी मांडलेल्या, नुसत्या चालू ठेवलेल्या टबांच्या तुषारांतून हा जंतू हवेत पसरला. टबात कुणी बसलं नव्हतं, लोक शेजारून चालत गेले होते. तरी तीनशेहून जास्त लोक आजारी पडले आणि तीसहून जास्त दगावले. हे मी घाबरवायला सांगत नाही. टबाची निगा ही घरच्यांच्या फुप्फुसांची काळजी आहे, एवढं लक्षात राहावं म्हणून सांगते.

रोजचं काम पाच मिनिटांचं. संध्याकाळी टबात उतरण्याआधी तपासणीची पट्टी पाण्यात बुडवायची आणि रंग बाटलीवरच्या रंगांशी ताडून बघायचे. मोकळं क्लोरीन ३ ते ५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते, ७.२ ते ७.८, आणि अल्कलिनिटी, म्हणजे पीएच सावरून धरणाऱ्या क्षारांचं प्रमाण, ८० ते १२० पीपीएम. क्लोरीन तीनच्या खाली असेल तर त्या दिवशी टब बंद. मी डायक्लोर हे क्लोरीनचं दाणेदार रसायन वापरते. बाराशे लिटरमध्ये १ पीपीएम वाढवायला साधारण दोन ग्रॅम लागतं. ते सोन्याच्या काट्यासारख्या लहान डिजिटल काट्यावर मोजते, अंदाजानं चमचा भरत नाही. जेट चालू करून, झाकण उघडं ठेवून पाण्यावर पसरून टाकायचं. नेहमी रसायन पाण्यात टाकायचं, रसायनावर पाणी कधी ओतायचं नाही.

पीएचबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण लोक इथेच अडकतात. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. भाऊ फवारणीच्या टाकीत औषध घालण्याआधी पाण्याचा पीएच बघतो. पाणी जास्त अल्कधर्मी असेल तर काही औषधांचा परिणाम उतरतो, हे बागायतदाराला सांगावं लागत नाही. क्लोरीनचंही तसंच आहे. पाण्यात त्याची दोन रूपं असतात: जोमानं जंतू मारणारं हायपोक्लोरस आम्ल आणि फार दुबळा हायपोक्लोराइट आयन. पीएच ७.५ च्या आसपास दोघं निम्मे-निम्मे असतात. पीएच आठवर गेला की कामाचं रूप पाव हिश्श्यावर येतं. म्हणजे पट्टी ४ पीपीएम दाखवते आणि जंतू मात्र मजेत असतात.

टबात पीएच आपोआप चढतो. जेटमधून हवा घुसळली जाते, पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच वर सरकतो. अल्कलिनिटी जितकी जास्त, तितका हा चढ जोरात. फार कमी असेल तर पीएच एका दिवसात वरखाली उड्या मारतो. म्हणून आधी अल्कलिनिटी बसवायची, मग पीएच. अल्कलिनिटी कमी असेल तर साधा खाण्याचा सोडा: बाराशे लिटरला २० ग्रॅम टाकला की साधारण १० पीपीएम वाढते. पीएच उतरवायला सोडियम बायसल्फेट हे दाणेदार आम्ल, तेही थोडं थोडं, मधे तासभर थांबून. घाई केली की दिवसभर एकदा वर, एकदा खाली असा पाठलाग चालतो.

पाणी कुठलं, यावर अर्धी निगा ठरते. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी मला चालतं. बोअरचं मी टबात भरत नाही. आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. बादलीच्या काठावर, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच टबाच्या हीटरवर बसतो. आणि कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं, म्हणून थर सगळ्यात आधी हीटरलाच धरतो. बोअरशिवाय सोयच नसेल तर सॉफ्टनरमधून, म्हणजे जडपणा काढणाऱ्या यंत्रातून, आलेलं पाणी थोडं मिसळावं. पूर्ण मऊ पाणीही नको, कॅल्शियम हार्डनेस (कॅल्शियममुळे येणारा जडपणा) दीडशे-दोनशे पीपीएमच्या आसपास बरा.

फिल्टरकडे घरोघरी दुर्लक्ष होतं. आठवड्याला काढून पाइपच्या धारेखाली एकेक घडी उघडून धुवायचा. महिन्याला फिल्टर क्लीनरच्या पाण्यात रात्रभर भिजवायचा आणि पुन्हा चांगला खळखळून घ्यायचा. दुसरा फिल्टर घेऊन ठेवला तर आलटून पालटून वापरता येतो, पहिला पूर्ण वाळतो. घड्या मऊ पडून धागे सुटायला लागले की बदलायचा. कामाला येणाऱ्या ताईंना मी एकच गोष्ट निक्षून सांगितली आहे: टबाला भांड्याची पावडर, घासणी, ॲसिड यातलं काही लावायचं नाही. अॅक्रिलिकला चरे पडले की त्या चऱ्यांत मळ आणि जंतू घर करतात. मऊ कापड आणि पाण्यात मिसळलेलं पांढरं व्हिनेगर पुरतं.

टबात उतरण्याआधी साबण लावून अंघोळ, हा नियम आमच्याकडे सगळ्यांना, अगदी पाहुण्यांनाही. दिवाळीत तर विशेष सांगावं लागतं. अभ्यंगाचं तेल, उटणं आणि लगेच टब, असा बेत भाचेकंपनी करते. तेलानं पाण्याच्या रेषेवर चिकट कडं बसतं, फिल्टर तुंबतो, आणि क्लोरीन जंतूंऐवजी तेलाच्या मागे खर्च होतं. केसांचं तेल, सनस्क्रीन, डिटर्जंटमध्ये धुतलेले पोहण्याचे कपडे, सगळ्यांचा फेस होतो. कपडे नुसत्या पाण्यात खळबळून घ्यावेत. सासूबाई काठावर बसून पाय सोडतात, त्यांचेही पाय आधी साबणानं धुते.

लोक सल्ले देतात ते प्रेमानंच. कुणी म्हणतं तुरटी फिरवा. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो खरा, पण टबात तो गाळ फिल्टरमध्ये जातो आणि अल्कलिनिटीही उतरते. कुणी कडुनिंबाचा पाला सुचवतं. तो पाण्यात सेंद्रिय मळच वाढवतो. गावाकडे विहिरीत टाकतात ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, स्वस्त मिळते, पण तिचा चुना पाणी आणखी जड करतो. आणि एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची: टीसीएल आणि डायक्लोर कोरडे असतानाही एकमेकांत मिसळू देऊ नका, एकच चमचा दोन्हींना वापरू नका. आग लागू शकते, स्फोट होऊ शकतो. टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडशेजारी क्लोरीनचा डबा ठेवणंही धोक्याचं. आमचा डबा जिन्याखालच्या वेगळ्या कपाटात असतो, पावसाळ्यात झाकणाला ओल लागू नये म्हणून दुहेरी बंद करून.

वीज गेली तर पंप थांबतो आणि कोमट पाणी तसंच साचून राहतं. बराच वेळ गेली असेल तर पट्टी पाहिल्याशिवाय टब उघडत नाही. ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, असायलाच हवा. त्याचं टेस्ट बटण मी दर महिन्याला दाबून बघते. पाणी ओढणाऱ्या तोंडांवरच्या जाळ्या शाबूत आहेत का तेही, कारण मोकळे केस त्यात ओढले जाऊ शकतात. तापमान ४० च्या वर कधीच नाही. गरोदर बाई, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेलं माणूस यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

पाणी कधी बदलायचं? माझा हिशेब असा: लिटरना साधारण अकरानं भागा, आलेल्या उत्तराला रोज बसणाऱ्या माणसांनी भागा. बाराशे लिटर आणि रोज दोघं म्हणजे पन्नास-पंचावन्न दिवस. डायक्लोर वापरणाऱ्यांना आणखी एक कारण आहे. त्यातून दर १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ९ पीपीएम सायन्युरिक आम्ल पाण्यात उतरतं. ते उडून जात नाही, साठत जातं आणि क्लोरीनला सुस्त करतं. त्यावर पाणी बदलणं हाच उपाय.

आदल्या संध्याकाळी पाइप साफ करणारं द्रावण टाकून जेट चालवायचे. पाइपांच्या आतला बुळबुळीत थर सुटून वर येतो, कधी तपकिरी फेस, कधी कागदाच्या कपट्यांसारखा. नितळ पाण्याच्या टबातून हे निघताना एकदा बघावंच. मग एमसीबी पाडायचा, टब रिकामा करायचा, पुसायचा, आणि नवं पाणी फिल्टरच्या खड्ड्यातून भरायचं, म्हणजे पंपात हवा अडकत नाही.

हे द्रावण आणि फेस असलेलं पाणी ड्रेनेजमध्येच जातं. पण एप्रिल-मेमध्ये बाराशे लिटर पाणी वाया घालवणं मला जमत नाही. तेव्हा द्रावण न टाकता, क्लोरीन घालणं बंद करून काही दिवस झाकण उघडं ठेवते. उन्हानं क्लोरीन उतरतं. पट्टीवर शून्य दिसलं की निम्मं-अधिक पाणी पाइपनं खालच्या आंब्याला आणि नारळाला देते. उरलेल्या पाण्यात, जेट बुडतील एवढं राखून, द्रावण घालून पाइप साफ करते. जेट बुडायला पाणी कमी पडतंय असं वाटलं तर त्या खेपेला आंबा थोडा उपाशी राहतो. पुढचं पाणी नवरात्राआधी बदलायचंय, घटस्थापनेनंतर घरात पाहुण्यांची वर्दळ असते.