बाईंचा बिनमुकुटाचा राजा

सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं आणि शाळेवर लिहायला बसले, तर डोळ्यासमोर नुसत्या आपल्या इतिहासाच्या बाई. बाकीच्या शिक्षकांनी राग मानू नये, पण माझ्यासाठी शाळा म्हणजे बाईच.

नववीच्या संमेलनात बाईंनी जोन ऑफ आर्कचं, फ्रान्ससाठी इंग्रजांशी लढलेल्या त्या खेड्यातल्या पोरीचं, नाटुकलं बसवलं होतं, आठवतंय ना? मला जोन व्हायचं होतं, सगळं पाठ होतं, पण उंच म्हणून मला केलं फ्रान्सचा राजा, सातवा शार्ल (चार्ल्स म्हटलेलं बाईंना चालायचं नाही). त्यातून प्रवेश शिनाँच्या किल्ल्यातला, १४२९ चा, राजा साध्या कपड्यात दरबाऱ्यांमध्ये लपतो आणि जोन त्याला बरोब्बर ओळखते अशी जी गोष्ट सांगतात ना, तो. म्हणजे मुकुट नाही आणि वाक्यं दोन. चित्रकलेच्या वर्गात आमची ग्रीनरूम होती, तिथे मी ढसाढसा रडले.

बाई रागावल्या नाहीत. शेजारी बसल्या आणि सेफ्टी पिनांनी माझा झगा टाचत टाचत त्या शार्लच्या पोरवयाची हकीकत सांगायला लागल्या. बापाला वेडाचे झटके यायचे, मोठे भाऊ एकामागोमाग एक गेले म्हणून चौदाव्या वर्षी हा वारस झाला. १४१९ ला मोंतरोच्या पुलावर बोलणी करायला आलेल्या बर्गंडीच्या ड्यूकला, म्हणजे फ्रान्समधल्याच एका बलाढ्य सरदाराला, याच्या माणसांनी मारलं, मग ड्यूकचा मुलगा जाऊन मिळाला इंग्रजांना. १४२० ला त्र्वाचा तह झाला, त्यात बापाने मुलगी दिली इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीला, राज्याचा वारसही त्यालाच केलं आणि पोटच्या पोराला 'तथाकथित' युवराज म्हटलं! १४२२ मध्ये हेन्री आणि वेडा राजा दोघंही दोन महिन्यांच्या आत गेले, पॅरिसमध्ये राजा म्हणून नाव लागलं हेन्रीच्या दहा महिन्यांच्या बाळाचं, आणि याला लोक हिणवायचे 'बूर्जचा राजा', म्हणजे बूर्ज या एका गावापुरता राजा. शेवटची पिन लावून बाई म्हणाल्या, "तुला मुकुट नाही कारण त्याच्याकडेही नव्हता. तसं उभं राहा."

मी तशी उभी राहिले. अजून ते स्टेज पायाखाली जाणवतं.

पुढे वर्गात बाईंनी विचारलं होतं, बाप राज्य असं लिहून देऊ शकतो का गं? फ्रान्सचे कायदेपंडित म्हणायचे नाही, मुकुट ही काही राजाची खाजगी मालमत्ता नाही, वारस ठरवणं त्याच्या हातात नाही. आज मी वकील आहे, वीस वर्षं वारसाहक्काचे दावे चालवतेय, सही करणारा शुद्धीवर होता का आणि जे दिलं ते त्याचं होतं का हे दोन प्रश्न प्रत्येक केसमध्ये पहिले विचारते. ते बाईंचे आहेत.

राजाच्या चुका बाई कधी झाकायच्या नाहीत. जिने ऑर्लेआँचा वेढा उठवला आणि त्याला रँसला नेऊन १७ जुलै १४२९ ला राज्याभिषेक करवला, तिला इंग्रजांच्या हातातून त्याने सोडवलं नाही, १४३१ ला रूआँमध्ये तिला जिवंत जाळलं. हे सांगताना बाईंचा आवाज बसायचा. ती शिक्षा रद्द झाली थेट १४५६ ला. पण इंग्रजांशी चाललेल्या शंभर वर्षांच्या युद्धातली कास्तिऑँची शेवटची लढाई त्याच्या सैन्याने जिंकली तीही १७ जुलैला, १४५३ च्या, आणि दोन्ही तारखा बाईंनी पिवळ्या खडूने फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या होत्या.

काही वर्षांपूर्वी पॅरिसला गेले तेव्हा लूव्हर संग्रहालयात चित्रकार फूकेने काढलेलं शार्लचं चित्र बघितलं. लाल झगा, दोन्ही बाजूंना पडदे, थकलेला चेहरा, चौकटीवर 'अत्यंत विजयी राजा' असं लिहिलेलं, आणि डोक्यावर मुकुट नाही, निळी टोपी. मी तिथेच बाईंना फोन लावला. बाई तेव्हा होत्या. म्हणाल्या, टोपीवरची सोनेरी नक्षी दिसतेय का नीट?

चित्रकलेचा वर्ग आता राहिला नाही, संमेलनात नाटुकलीही होत नाहीत असं ऐकते, फार वाईट वाटतं. आमच्या नाटुकल्याचा फोटो कोणाकडे असेल तर प्लीज कळवा. मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी मी आहे, आणि विंगेत पिनांची डबी हातात धरून बाई उभ्या आहेत.