डेमलो वही: नऊ एक्यांचा वर्ग फोडून झाला

नुसत्या एक्यांनी बनलेल्या संख्यांचे वर्ग काढून त्यांचे अवयव पाडत चाललोय, मागच्या वेळी आठ एक्यांवर थांबलो होतो. या खेपेला १११११११११ चा वर्ग, म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक. देवळालीचे गणिती कापरेकर मास्तर ज्यांना 'डेमलो संख्या' म्हणत, त्यातली ही एक. (डेमलो म्हणजे तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरचं स्टेशन, आताचं डोंबिवली. तिथे गाडीची वाट बघताना त्यांना या संख्या सुचल्या, आम्हाला फक्त घाम सुचतो.)

आधी फजिती सांगतो. आळस करून वर्ग स्प्रेडशीटमध्ये काढला, तर शेवटी ३०० आलं. एकावर संपणाऱ्या संख्येचा वर्ग शून्यावर कसा संपेल? पंधरा अंकांपुढे ती बिनदिक्कत शून्यं भरते. मग मुकाट वही घेतली. एकेक घर सरकवत एक्यांच्या नऊ ओळी मांडल्या. मधल्या उभ्या रांगेत बरोबर नऊ एके, बेरीज ९, हातचा नाही. दहा एक्यांना हे जमत नाही. तिथे हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असा मध्येच खड्डा पडतो.

अवयव पाडणं सुरुवातीला सोपं गेलं. १११११११११ = १११ × १००१००१. पहिल्यातून ३ × ३७, दुसऱ्यातून ३ × ३३३६६७. पण ३३३६६७ मूळ आहे का? त्याचं वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढे, म्हणजे १०६ मूळ संख्यांनी भागून बघायचं. रविवार गेलाच म्हणायचा.

इथे फ्रेंच गणिती फर्मा धावून आला. त्याचं प्रमेय सांगतं की (२ आणि ५ सोडून) कुठल्याही मूळ संख्येतून १ वजा करा आणि १० चा तेवढा घात घ्या, त्या मूळ संख्येने भागल्यावर बाकी १ च येते. ३३३६६७ ने ९९९९९९९९९ ला भाग जातो. त्यामुळे त्याच्या कुठल्याही मूळ अवयवाने भागताना १० च्या घातांची बाकी पहिल्यांदा १ होते ती नवव्या घाताला. आधी, तिसऱ्या घाताला झाली असती तर तो ९९९ चा अवयव ठरला असता, म्हणजे ३ किंवा ३७. आणि त्या दोघांनी भाग जात नाही. बाकी १ येते ती फक्त नवाच्या पटीतल्या घातांना, म्हणून अवयवातून १ वजा केला की ९ ने भाग जायलाच हवा, आणि तो विषम असल्याने १८ ने. १९, ३७, ७३, १०९... अशा १०६ पैकी १७ च उरल्या. ३७ ने तर जीवच घेतला: ३७ × ९०१८ = ३३३६६६, बाकी १! शेवटच्या ५७७ ला बाकी १६१. मूळ आहे.

तर आपली संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७², एकूण विभाजक ४५.

जाता जाता दिसलेली गंमत: तिचे दोन तुकडे करा, १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९९.

आता अकरा एके. तिथे अवयव २२ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असणार, म्हणून २३, ६७, ८९ असं चाललंय. ३००० ओलांडलं, अजून एकही सापडलेला नाही. उत्तर माहीत असेल त्यांनी कृपया सांगू नये.