माझा अनुभव : घरच्या कॉम्प्युटरला सर्जपासून वाचवण्याचं काम, जमिनीपासून टेबलापर्यंत

सर्जपासून, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून, कॉम्प्युटर वाचवायचा म्हटलं की पहिली खरेदी होते स्पाइक गार्डची. इंदूरला राजेंद्रनगरातल्या आमच्या जुन्या घरात मी उलट्या टोकाने, अर्थिंगपासून सुरुवात केली. स्पाइक गार्डच्या पोटात चपट्या चकत्या असतात, त्या एमओव्ही. व्होल्टेज मर्यादेबाहेर उसळलं की त्या क्षणात वाहू लागतात आणि जादा करंट वळवतात. नीट बनवलेल्या गार्डात अशा तीन असतात. त्यांतल्या दोन अर्थला जोडलेल्या, म्हणजे अर्थ नसेल तर दोन शोभेच्या.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थ तुटलेला आहे असं समजावं. एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या आतल्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमधले छोटे कपॅसिटर बॉडीवर साधारण निम्मं, ११५ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज आणून सोडतात. सॉकेटवर मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. आमच्या स्वयंपाकघरातल्या सॉकेटवर न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य आलं, शेजारच्या सॉकेटवर इस्त्री लावली तरी आकडा हलेना. असं शून्य पाहून खूश होऊ नये. बोर्डाच्या आत न्यूट्रल आणि अर्थची पिन तारेच्या तुकड्याने जोडलेली निघाली. मागे कुठे न्यूट्रल तुटलं तर याच तुकड्यातून फ्रिजच्या बॉडीत थेट २३० व्होल्ट उतरतात. तो आधी काढला.

मीटर करंट ओढत नाही, त्यामुळे कच्चा अर्थही त्यावर चांगला दिसतो. खरी परीक्षा १०० वॉटच्या बल्बची: फेज आणि अर्थमध्ये लावल्यावर तो मिणमिणला तर अर्थ कच्चा. पण हे वायरमनकडूनच करून घ्यावं आणि घरातल्या सगळ्या पिना काढून, कारण कच्चा अर्थ असेल तर तेवढ्या वेळात त्याला जोडलेली प्रत्येक बॉडी जिवंत होते. आरसीसीबी (करंट गळताच लाइन तोडणारी स्विच) असेल तर ती पडेल, पण त्यावरून अर्थ पक्का ठरत नाही; ३० मिलिअँपिअरला ती कच्च्या अर्थावरही पडते.

आता माती. मालव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून इलेक्ट्रोडभोवती फट सोडते. म्हणजे अर्थ सर्वांत कमजोर असतो तो मे-जूनमध्ये, नेमका गडगडाटी पावसाच्या तोंडावर. ‘पग-पग नीर’ (पावलोपावली पाणी) ही मालव्याची ख्याती त्या दिवसांत अर्थच्या खड्ड्यात डोकावून तपासावी! म्हणून मीठ-कोळशाऐवजी ३ मीटरचा तांब्याचा थर दिलेला रॉड आणि भोवती बेंटोनाइटचं (ओल धरणाऱ्या मातीचं) मिश्रण घातलं, भिंतीपासून दीड मीटर सोडून. मीठ पावसागणिक वाहून जातं आणि जे राहतं ते जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपला खातं. खाली काळा दगड लागून अवरोध उतरत नसेल तर दुसरा रॉड किमान रॉडच्या लांबीइतका दूर ठोकून दोन्ही जोडावेत. अर्थ टेस्टरवर ५ ओहमच्या आत आकडा आल्यावरच पुढचं काम हाती घेतलं.

डीबीत, म्हणजे घराच्या मुख्य वितरण बोर्डात, बसवायची ती टाइप २ एसपीडी, म्हणजे सर्ज अर्थकडे वळवणारं उपकरण. महाराणी रोडवरच्या दुकानात नुसतं ‘सर्जवालं’ म्हणून मागू नये, आकडे सांगावेत: यूसी (सतत सोसता येणारं व्होल्टेज) ३२० व्होल्ट, सर्जचा करंट नॉमिनल २० केए (किलोअँपिअर), कमाल ४० केए. घराचा अर्थ स्वतंत्र असेल तर १+१ जोडणीची घ्यावी, म्हणजे फेज-न्यूट्रलमध्ये एमओव्ही आणि न्यूट्रल-अर्थमध्ये स्पार्क गॅप (व्होल्टेज उसळलं तरच ठिणगीने जोडली जाणारी फट). जागा मेन स्विचनंतर, आरसीसीबीच्या आधी. आमच्या वायरमनने उरलेल्या तारेचं सुबक वेटोळं करून टाय मारला होता. दिसायला छान, कामाला घातक. आभाळातल्या विजेचा करंट इतक्या झपाट्याने चढतो की एक मीटर सरळ तारेवरसुद्धा सुमारे हजार व्होल्ट साचू शकतात, आणि ते एसपीडीने अडवूनही पुढे जाणाऱ्या व्होल्टेजमध्ये मिळवले जातात. वेटोळं कापलं. फेजपासून एसपीडी आणि एसपीडीपासून अर्थबार मिळून तार अर्ध्या मीटरच्या आत बसवली, तांब्याची, ६ स्क्वेअर एमएम.

एवढं करूनही एक आजार उरतोच. सर्ज मायक्रोसेकंदांचा असतो. खांबावर न्यूट्रलची तार तुटली तर एखाद्या घरात ३००-३५० व्होल्ट कितीतरी मिनिटं राहतात. एमओव्ही त्यात जळून जातात, आणि स्टॅबिलायझरच्या आवाक्याबाहेरचं ते काम. त्यासाठी डीबीतच हाय-लो व्होल्टेज कटऑफ लागतो. वरची मर्यादा २६५, खालची १७५ आणि लाइट परत आल्यावर मिनिटभर थांबून जोडणी, असा तो लावला. खर्च एकाच गोष्टीवर करता येणार असेल तर अर्थनंतर मी याच्यावर करीन.

टेबलावरचं काम त्यामानाने सोपं. स्वस्त स्पाइक गार्ड उघडले तर बऱ्याचदा बटण, फ्यूज आणि निऑन दिवा एवढाच ऐवज निघतो. चकतीवर २०डी४७१के असं काही छापलेलं दिसलं तर आत एमओव्ही आहे. गार्ड यूपीएसच्या आधी लावावा, नंतर नाही. लेझर प्रिंटर यूपीएसवर घेऊ नये, गरम होताना तो इतका करंट ओढतो की ६०० व्हीएचा यूपीएस बंद पडतो.

लॅन आणि टीव्हीची केबल हे मागचे दरवाजे. ऑप्टिकल फायबरमधून करंट येत नाही, पण राउटरच्या अॅडॉप्टरमधून लॅनच्या तारेने तो मदरबोर्डापर्यंत पोचतो. गच्चीवरच्या डिशची केबल सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने टीव्हीत, आणि त्याच टीव्हीला कॉम्प्युटर जोडलेला, हीसुद्धा वाटच. म्हणून राउटरही त्याच गार्डवर घेतला. वीज जवळ कडाडू लागली की पिन, लॅन आणि एचडीएमआय तिन्ही काढतो. नुसतं बटण बंद करून भागत नाही, ते फक्त फेज तोडतं. न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात. एसपीडीची खिडकी हिरवी आहे ना हे पावसाळ्यात दर महिन्याला पाहतो. लाल झाली तर फक्त कार्ट्रिज बदलायचं, बेस तोच राहतो.