रिंगा बसेपर्यंत

आधीची गाडी मी तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. पहिले दोन हजार किलोमीटर तिला २५०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) वर जाऊ दिलं नाही. वरच्या गिअरमध्ये सत्तरच्या वेगाने तासन्‌तास एका सुरात चालवली, चढावरसुद्धा गिअर खाली न घेता रखडत नेली. वर्ष झालं आणि ती तेल प्यायला लागली. गळती कुठे नाही, धूरही फारसा नाही, पण हजार किलोमीटरला डिपस्टिकवरची खूण अर्ध्यावर आलेली असायची. मी वर्षानुवर्षं ज्यांच्याकडे गाडी देतो त्या मामांनी (नात्याचे नाहीत, पण सगळे त्यांना मामाच म्हणतात) प्लग काढून आत छोटा कॅमेरा सोडला आणि पडदा माझ्याकडे वळवला. सिलिंडरची भिंत आरशासारखी चकचकीत. मला वाटलं, वा, काय सुंदर ठेवली आहे आपण! मामा म्हणाले, "हेच तर दुखणं आहे. फार लाडावलीस तू हिला."

म्हणून यंदा नवी गाडी दारात येण्याआधीच रनिंग-इनमध्ये, म्हणजे नवी गाडी रुळवण्याच्या सुरुवातीच्या काळात, नेमकं काय होतं ते मामांकडून नीट समजून घेतलं. ही गाडी जरा तिखट आहे: दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर, ताकद मागच्या चाकांना आणि मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी, पण एकच चाक मोकाट फिरू न देणारी गिअरपेटी).

मामांनी समजावलं ते असं. सिलिंडरची भिंत मुद्दाम गुळगुळीत ठेवलेली नसते. जात्याला टाकी लावावी तसे तिच्यावर होनिंगने, म्हणजे खरखरीत दगडाने घासून, तिरके, एकमेकांना छेदणारे बारीक ओरखडे काढलेले असतात. त्यांच्या खाचांत तेल टिकतं आणि त्यांची टोकं नव्या रिंगांना (पिस्टनभोवतीची धातूची कडी) घासून भिंतीशी जुळणारा आकार देतात; यालाच रिंगा बसणं म्हणतात. खरी गंमत रिंगेची आहे. तिचा स्वतःचा ताण अगदी मामुली. ती भिंतीला घट्ट टेकते ती जळणाऱ्या वायूच्या दाबामुळे, कारण तो दाब रिंगेच्या मागच्या फटीत शिरून तिला बाहेर रेटतो. पाय जपून ठेवला तर दाबच तयार होत नाही. रिंग तेलावर तरंगत राहते, ते तेल भिंतीवर भाजून तिथे चकाकी धरते आणि खाचा बुजतात. एकदा खाचा बुजल्या की रिंगा बसायच्या राहतात. माझ्या आधीच्या गाडीचं मामांच्या मते हेच झालं होतं.

आता याचा अर्थ पहिल्या दिवसापासून ॲक्सिलरेटर जमिनीला टेकवायचा, असाही कोणी काढतात. तसं सांगणारा एक पंथच आहे. नवं इंजिन झोडपूनच काढावं, रिंगा बसायची संधी पहिल्या काही किलोमीटरांतच असते, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्यांश आहे, कारण होनिंगची टोकं खरोखरच लवकर झिजतात. पण गाडीत रिंगांखेरीज बेअरिंग आहेत, कॅमशाफ्ट आहे, गिअरचे दाते आहेत, डिफरन्शियल आहे. ते सगळे एकमेकांशी जुळवून घेत असताना घर्षण जास्त असतं आणि जागोजागी उष्णता साठते. रिंगांचं भलं करता करता बाकीच्यांना कशाला भाजायचं? शिवाय हल्ली बऱ्याच इंजिनांत जुन्या पद्धतीचा ओतीव लोखंडाचा लाइनरच (सिलिंडरचं आतलं अस्तर) नसतो. निसानच्या जीटी-आरसारख्या गाडीत ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर प्लाझ्माने धातूचा पातळ थर फवारलेला असतो. तिथे जुन्या काळातले ठोकताळे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

मी शेवटी गाडीबरोबर आलेलं पुस्तक प्रमाण मानलं. हे पुस्तक कोणी उघडत नाही, मीही पूर्वी उघडलं नव्हतं. कंपन्यांची पुस्तकं ताडून पाहिली तर आकडे वेगवेगळे दिसतात, पण सूर एकच. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना पहिले २००० किलोमीटर ५५०० आरपीएम आणि ताशी १७० किलोमीटरची मर्यादा असते आणि त्यानंतर इंजिन व मागच्या डिफरन्शियलचं तेल बदलण्याची खास सर्व्हिस. पोर्शे ९११ च्या पुस्तकांत ही मुदत ३००० किलोमीटरपर्यंत जाते. होंडा साधारण पहिले १००० किलोमीटर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून निघू नका म्हणते. माझ्या गाडीला १५०० किलोमीटर आणि ४५०० आरपीएम सांगितले होते. सोबत एक ओळ होती, जी मला आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटली: वेग आणि आरपीएम सतत बदलते ठेवा.

गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी मात्र इंजिनाचा विचार बाजूलाच राहिला. पहिल्याच दहा किलोमीटरांत ती दगडासारखी आदळायला लागली. स्पोर्ट सस्पेन्शन म्हणजे असंच असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी, चाकं थंड असताना हवा मोजली तर दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरपेक्षा बरीच जास्त. कारखान्यातून गाड्या येताना टायर एका जागी दबून चपटे होऊ नयेत म्हणून हवा जास्त भरतात. गाडी देण्याआधी ती कमी करायची असते, आणि विक्रेत्याकडे ते राहून गेलं होतं. माझ्या हातात मात्र तपासणीची यादी दिली होती, त्यात त्या कामापुढे बरोबरची खूण! नवी गाडी घेणाऱ्याने स्वतःचा गेज वापरावा. स्प्रिंगांमध्ये वाहतुकीसाठी अडकवलेले ठोकळे काढलेत का, हेही मी तेव्हाच वाकून पाहून घेतलं. ते काढले होते.

नवे टायरही निसरडे असतात. साच्यातून रबर सुटावं म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश आणि वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत त्यांना नीट पकड नसते. पहिले ३०० किलोमीटर वळणं सबुरीने घेतली. एकदा ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये हलकासा जोर दिला तेवढ्यात मागचं टोक जरासं सरकलं आणि घाम फुटला.

ब्रेकची कहाणी जास्त लांब आहे, कारण तिथे मी चुकलो. ब्रेक नुसतं घासून काम करत नाहीत. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला जे पॅड दाबले जातात, त्यांच्या मिश्रणाचा अगदी पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढावा लागतो, आणि चांगली पकड मिळते ती त्या थरामुळे. तो चढवायचा म्हणजे मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, साधारण १०० वरून ३० पर्यंत मध्यम जोराने वेग उतरवायचा, पुन्हा वेग घ्यायचा, असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही. नंतर ब्रेक न वापरता दहाएक मिनिटं चालवत डिस्क थंड होऊ द्यायच्या. मी नऊ वेळा अगदी घड्याळ लावल्यासारखं केलं. जळका वास आला, तो येतोच. थंड करायला निघालो आणि समोर सिग्नल लाल झाला. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून मी मिनिटभर उभा. त्या जागी पॅडचं द्रव्य जास्त चिकटलं असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून ८० च्या पुढे ब्रेक लावला की स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर जाणवायला लागली. लोक याला डिस्क वाकली म्हणतात. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिच्यावर थर कमीजास्त बसलेला असतो. थांबावंच लागलं तर पेडल सोडून हँडब्रेकशिवाय गाडी उभी राहील अशी सपाट जागा आधी हेरायला हवी होती. मी रस्ता निवडला, पण तो संपतो कुठे हे पाहिलं नाही.

इंजिनाचं काम त्यामानाने सुरळीत झालं. रोजचा नियम एकच: तेल तापेपर्यंत पाय हलका. कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) काटा पाच-सहा मिनिटांत मधोमध येतो आणि आपण समजतो इंजिन तापलं. तेलाला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. माझ्या गाडीत तेलाचं तापमान वेगळं दिसतं. ते ८० अंशांपर्यंत येत नाही तोवर ३००० आरपीएमच्या वर जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. चालू करून जागच्या जागी तापवत ठेवणं मात्र पूर्ण बंद. त्यात इंजिन तापायला उशीर लागतो, आणि तेलात पेट्रोल मिसळतं ते वेगळंच.

तेल तापलं की खरा सराव. महामार्ग टाळायचा, चढउताराचा वळणांचा रस्ता धरायचा. तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून ४००० पर्यंत अर्ध्या-पाऊण ॲक्सिलरेटरने चढवायचं, मग पाय पूर्ण काढून गिअरमध्येच गाडी उतरू द्यायची. पाय काढला की सिलिंडरमध्ये पोकळी तयार होते आणि भिंतीवर तेल वर खेचलं जातं, ते झीज झालेले कण धुऊन नेतं, असं मामांचं सांगणं. पाचशे किलोमीटरपर्यंत अर्धा ॲक्सिलरेटर, हजारपर्यंत पाऊण, त्यानंतर क्षणभर पूर्ण. क्रूझ कंट्रोलला हात लावला नाही. कमी आरपीएमवर मोठ्या गिअरमध्ये जोर काढणंही टाळलं. टर्बो आणि थेट इंजेक्शनच्या इंजिनांत याने सिलिंडरमधलं इंधन वेळेआधीच पेटण्याचा धोका असतो आणि एखादा वाईट झटका पिस्टनही फोडू शकतो. आधीच्या गाडीला मी जे प्रेमाने करत होतो ते या गाडीला सगळ्यात घातक होतं.

एक कबुली देतो. साधारण ६४० किलोमीटर झाले असताना शेजारून एक गाडी उगाच डिवचत गेली. पुढे निघून गेल्यावर काट्याकडे नजर गेली तर ५६००. घरी येऊन मामांना फोन लावला, जणू पोरगं पडल्यासारखा. ते हसले. "एकदा गेली म्हणून इंजिन मरत नाही रे. तेल तापलं होतं ना? मग झोप आता."

मागच्या डिफरन्शियलकडे मात्र बहुतेकांचं लक्षच नसतं. क्लच-प्लेटवाल्या लिमिटेड स्लिपमध्ये त्या प्लेटा एकमेकींशी जुळाव्या लागतात. त्यासाठी मोकळ्या मैदानात अगदी कमी वेगाने इंग्रजी आठचे आकडे काढायचे. मी पंधरा मिनिटं आकडे काढले, बघणाऱ्याला वाटलं असेल गाडी शिकतोय. सुरुवातीला हळू वळताना मागून कडकड आवाज यायचा, तो शेवटी बराच कमी झाला.

तेल मी १५०० ला बदलून घेतलं, पुस्तकात त्याची सक्ती नव्हती तरी. होंडासारख्या काही कंपन्या कारखान्यातलं पहिलं तेल लवकर काढू नका असं सांगतात. तिथे त्यांचंच ऐकावं. माझ्या पुस्तकात तशी मनाई नव्हती. काढलेलं तेल मामांनी पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात धरलं. बारीक चंदेरी झाक होती, बोटाला मात्र कण लागत नव्हते. डिफरन्शियलचं तेल त्याहून काळवंडलेलं. मामांना हे दोन्ही अपेक्षितच होतं. फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून दाखवल्या तेव्हाच ते समाधानाने गप्प झाले.

पंधराशेला कुठली रेघ ओलांडली असं समजून लगेच लाल पट्ट्यापर्यंत गेलो नाही. दर शंभर-दोनशे किलोमीटरला पाचशे आरपीएम वाढवत गेलो. साधारण दोन हजारांच्या सुमाराला तिसऱ्या गिअरमध्ये पहिल्यांदा शेवटपर्यंत गेलो. कल्पनेपेक्षा इंजिन हलकं वाटलं. आवाजातला सुरुवातीचा खरखरीतपणाही गेला होता. मायलेजही वाढलं. आता मीटरवर ४२०० आहेत आणि तेलाची पातळी बदलल्या दिवशी होती तिथून केसभरही हललेली नाही. मी दर रविवारी, गाडी थंड असताना, सपाट जागेवर बघतो. बायको म्हणते, एवढं तर स्वतःचं वजन बघत नाहीस.

ब्रेकची थरथर राहिली आहे, पहिल्यापेक्षा कमी. पुन्हा एकदा तीच कवायत केली तर थर सारखा होण्याची शक्यता आहे, असं मामांचं मत. नाहीच झाला तर डिस्क हलकीशी खरवडून घ्यावी लागेल. या रविवारी पहाटे पाचला निघायचं आहे. रस्ता दोनदा जाऊन पाहून ठेवलाय. शेवटच्या ब्रेकनंतर पंधरा किलोमीटरपर्यंत एकही सिग्नल नाही.