वाड्यात खून, खेळाडू चार गावांत

क्लूडो हा खेळ बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रचला आणि 1949 साली तो बाजारात आला. सहा संशयित, सहा हत्यारं, नऊ खोल्या, अशी एकूण 21 पानं. प्रत्येक गटातलं एक पान लपवायचं, उरलेली 18 वाटायची आणि एकमेकांना ‘संशयित – हत्यार – खोली’ असं विचारत खून कोणी, कशानं, कुठे केला ते शोधायचं. शक्यता 6×6×9, म्हणजे 324. एक मित्र जळगावात, एक धुळ्यात, एक सुरतेत आणि एक पुण्यात असला तरी हा खेळ फोनवर उत्तम जमतो. फक्त पटावरचे काही नियम बदलावे लागतात.

पहिला बदल फाशाचा. फासा टाकून सोंगटी चालवण्यात ऑनलाइन नुसता वेळ जातो. पट आणि फासा दोन्ही काढून टाका. त्याऐवजी एकच बंधन ठेवा: एका माणसानं लागोपाठ दोन वेळा तीच खोली विचारायची नाही. हे बंधन नसेल तर हुशार खेळाडू हातातलीच एक खोली धरून बसतो आणि बाकीच्यांना खोलीबद्दल काही कळत नाही.

पानांची नावं आपली ठेवली तर मजा वाढते. व्यापारी, मुनीम, सोनार, गुरुजी, डॉक्टरीणबाई, कीर्तनकार हे संशयित. पहार, कुऱ्हाड, दोर, बत्ता, विळा, समई ही हत्यारं. ओसरी, माजघर, देवघर, सैपाकघर, धाबं, गोठा, न्हाणी, बळद, विहीर या जागा. माडी मुद्दाम वगळली आहे. माडी आणि माजघर, टिपणात दोन्हींचं ‘मा’ होतं. फवारणीचं औषध हत्यार म्हणून घेऊ नका. कापसाच्या पट्ट्यात त्याची गंमत होत नाही.

वाटपासाठी न खेळणारा एक सूत्रधार हवाच. पाच जण असाल तर चौघं खेळतील आणि सूत्रधार दर डावाला बदलेल. दोघांनी मिळून सूत्रधाराशिवाय पानं वाटायच्या युक्त्या निघतात, पण हातानं करायच्या बहुतेक युक्त्यांत कोणाला तरी दुसऱ्याची पानं कळतात. सूत्रधारानं 21 चिठ्ठ्या करायच्या, तीन ढीग वेगळे पिसायचे, प्रत्येकातली एक पाकिटात घालायची, उरलेल्या 18 एकत्र पिसून वाटायच्या. तिघं असतील तर प्रत्येकी 6, चौघांत 5-5-4-4, पाच जणांत 4-4-4-3-3, सहा जणांत प्रत्येकी 3. ज्यांना कमी पानं आली त्यांची पाळी आधी ठेवा, तेवढाच न्याय. मग ज्याची त्याला पानं वैयक्तिक मेसेजनं पाठवायची आणि सगळं वाटप स्वतःच्या वहीत उतरवायचं. ही वही पुढे फार कामाला येते.

खेळ व्हिडिओवर नको, ग्रुपवर लिहूनच खेळा. थंडीत अर्धी मंडळी मळ्यात भरीत पार्टीला असतात. तिथे व्हिडिओ अडकतो, मेसेज मात्र जातो. प्रश्न एकाच साच्यात लिहायचा: ‘गुरुजी – बत्ता – गोठा’. ठरलेल्या क्रमानं पुढच्यानं उत्तर द्यायचं. तिन्हींपैकी काहीच नसेल तर ‘नही’. असेल तर ग्रुपवर फक्त ‘शे’ (अहिराणीत ‘आहे’) आणि एका पानाचं नाव विचारणाऱ्याला खाजगीत. ‘शे’ आलं की तो प्रश्न तिथेच संपला.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. टेबलावर माणूस समोरच्याकडे पाहून थांबतो, फोनवर थांबत नाही. दुसऱ्याचं उत्तर यायच्या आधीच तिसरा ‘शे’ लिहून मोकळा होतो आणि त्याच्याजवळ काहीतरी आहे ही माहिती सगळ्यांना फुकट मिळते. म्हणून क्रम ग्रुपच्या वर्णनात लिहून ठेवा. दुसरा घोळ म्हणजे पानाचं नाव खाजगीत पाठवायच्या ऐवजी ग्रुपवर पडणं. मेसेज पुसून उपयोग नसतो, कोणीतरी वाचलेलाच असतो. खेळ सुरू होऊन दोन-तीनच प्रश्न झाले असतील तर पुन्हा वाटा. बराच पुढे गेला असेल तर ते पान उघडं धरून खेळा.

आता खरी गोष्ट, टिपण. बहुतेक जण आपल्याला दाखवलेली पानं तेवढी लिहितात आणि म्हणूनच हरतात. दुसऱ्यांच्या प्रश्नोत्तरांतून जास्त कळतं. वहीत 21 ओळी आखा, प्रत्येक खेळाडूला एक रकाना. ‘नही’ आलं की त्या माणसाच्या रकान्यात तिन्ही पानांपुढे फुली. ही माहिती पक्की, तीही तीन पानांची. ‘शे’ आलं आणि पान दुसऱ्याला दाखवलं गेलं, तर शक्य असलेल्या पानांपुढे प्रश्नाचा क्रमांक लिहा.

समजा क्रम आबा, नाना, ताई, बापू, आणि तुम्ही बापू आहात. सातवा प्रश्न आबांचा: ‘सोनार – दोर – गोठा’. नाना म्हणाले नही, ताई म्हणाली शे. दोर तुमच्याच हातात आहे. म्हणजे ताईजवळ सोनार किंवा गोठा. तिच्या रकान्यात दोन्हींपुढे 7 लिहा. पुढे कधीतरी ‘सोनार – समई – न्हाणी’ला ताई नही म्हणाली की सोनारापुढचा 7 खोडला जातो आणि उरलेला 7 बरोबरची खूण होतो: गोठा ताईकडेच. आणि सोनार? नानांकडे नाही, ताईकडे नाही, तुमच्याकडे नाही. आबांकडे किंवा पाकिटात. ज्यानं विचारलं त्याच्याच हातात ते पान असू शकतं, हे नवखे हमखास विसरतात.

हे तपासायचं असेल तर सोनारासोबत हातातलं हत्यार आणि हातातलीच जागा विचारा. आबा नही म्हणाले की खुनी सोनार. तिघांकडून नही आलेलं ग्रुपवर सगळ्यांना दिसतं, पण तिन्ही पाकिटात आहेत की काही तुमच्या हातात, हे त्यांना ठरवता येत नाही. चार पानं असलेल्याची चारही कळली की त्याच्या रकान्यात उरलेल्या सगळ्या फुल्या माराव्यात, हेही बरेचदा राहून जातं. दाखवायला दोन पानं असतील तर आधी कोणाला तरी दाखवलेलंच पुन्हा दाखवा.

आरोप प्रत्येकाला एकदाच, तोही ग्रुपवर उघड. सूत्रधार पाकीट पाहून फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणतो. चुकलेल्याची पाळी जाते, उत्तरं मात्र त्याला देत राहावं लागतं. वैतागून ग्रुप सोडून जाणारा पुढच्या डावात नको.

चुकीचं ‘नही’ हा मात्र डाव मोडणारा प्रकार. पान हातात असून कोणी नाही म्हणालं तर सगळ्यांच्या फुल्या खोट्या पडतात आणि ते शेवटपर्यंत कळत नाही. सूत्रधारानं प्रत्येक उत्तर वहीशी ताडून पाहावं आणि चूक दिसली की पुढचा प्रश्न पडण्याआधी त्या खेळाडूला खाजगीत सांगून दुरुस्ती करून घ्यावी. वीज जाऊन कोणाचं नेट बंद पडलं तर त्याच वहीवरून सूत्रधार त्याची उत्तरं देतो, प्रश्न मात्र विचारत नाही. दोन पानांपैकी कोणतं दाखवायचं हा निर्णय त्याच्याकडे आला तर यादीत वरचं असेल ते. हे आधीच ठरवून टाका, नाहीतर सूत्रधारावरच पक्षपाताचा आरोप होतो.