गालिबिएनंतरचे जेवण

फ्रेंच आल्प्समध्ये सायकलस्वारांचे गट घेऊन जाणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे चढाच्या टक्क्यांइतकाच जेवणाच्या वेळांचाही हिशोब मला ठेवावा लागतो. जून महिन्यात पुण्या-नाशकाकडच्या एका गटाबरोबर गालिबिएचा घाट केला, त्या दिवशी हा दुसरा हिशोब अधिक कठीण होता.

चढाई साँ-मिशेल-द-मोरियेन या सुमारे सातशे मीटर उंचीवरच्या गावातून सुरू होते. पहिले बारा किलोमीटर तेलेग्राफ खिंडीपर्यंतचे. या खिंडीची उंची १५६६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम ८० मीटर कमी. आणि तेवढे चढून आलेल्या माणसाला खरा घाट अजून लागलेलाच नसतो. पुढे कमावलेल्या उंचीतली थोडी उतारावर घालवून व्हालुआर गावात यायचे आणि तिथून पुन्हा १८ किलोमीटर चढत २६४२ मीटर गाठायचे. १९११ साली तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत पहिल्यांदा इथून गेली तेव्हा सायकलींना आजच्यासारखे गिअर नव्हते, हे मी गटाला सकाळी हमखास सांगते. प्लां लाशाच्या पुलापाशी रस्ता वळतो आणि शेवटचे आठ किलोमीटर अंगावर येतात. तिथे मात्र हे ऐकवायच्या भानगडीत मी पडत नाही.

सिंहगडावर सराव केलेले पाय त्या दिवशी कामी आले, पण माथ्यावरच्या वाऱ्याचा सराव सह्याद्रीत होत नाही. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग अजून शिल्लक होते. घामाने भिजलेल्या अंगाने व्हालुआरपर्यंत उतरताना पेडल मारावे लागत नाही, त्यामुळे अंगात ऊब उरत नाही, आणि ब्रेक दाबणारी बोटे आधी बधिर होतात. गाडीतली जाकिटे मी माथ्यावरच वाटली होती, तरी खाली आल्यावर गटातल्या डॉक्टरताईंना हेल्मेटचा पट्टा स्वतःला सोडवता येईना.

वेळ दुपारी चारची होती. फ्रान्समधल्या डोंगरी गावांत दुपारचे जेवण साधारण दोनला आटोपते आणि संध्याकाळी सातपर्यंत बहुतेक स्वयंपाकघरांत चूल पेटत नाही, मग दारात कितीही उपाशी माणसे येवोत. हे तीन तास निभावण्यासाठीच मी सकाळी पाव आणि बोफोर चीजचा मोठा तुकडा घेऊन ठेवला होता. हॉटेलच्या मालकीणबाईंनी गरम पाणी दिले, आम्ही त्यात आपला चहा केला आणि बोफोरच्या जाड चकत्या पावात घालून उभ्याउभ्याच खाल्ल्या. एरवी चीजला नाके मुरडणारी मंडळी त्या वेळी चकती किती जाड कापायची यावर वाद घालत होती.

सात वाजता तार्तिफ्लेत आली. जाड मातीच्या भांड्यात उकडलेले बटाटे, परतलेला कांदा, डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे आणि वर आडवे कापलेले अर्धे रब्लोशों चीज, साल वरच्या बाजूला ठेवून भट्टीत घातलेले. साल खरपूस होते, आतले चीज वितळून बटाट्यांच्या फटींतून तळापर्यंत झिरपते, आणि भांडे टेबलावर आल्यावरही कडेने फसफसत राहते. सावुआ या इथल्या डोंगरी प्रांतातल्या आजीबाईंचा हा पिढीजात पदार्थ असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्याचा प्रसार १९८०च्या दशकात रब्लोशोंचा खप वाढवण्यासाठी उत्पादकांनी केला, जुन्या ‘पेला’ या पदार्थावरून. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. दिवसभर चढून आलेल्या शरीराला पिष्ट, मीठ आणि स्निग्धांश एकाच भांड्यात हवे असतील, तर याहून सोयीचे काही मला माहीत नाही. पुण्यात बसून दुपारी बारा वाजता तेच खाल्ले, तर दोन घासांनंतर चमचा खाली ठेवावा लागेल.

शाकाहारी मंडळींसाठी मांस वगळून, मश्रूम घालून वेगळे भांडे सांगितले होते. मात्र रब्लोशों लावताना वासराच्या जठरातले रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे विरजण, वापरतात, हे मी निघण्यापूर्वीच सर्वांना सांगते, कारण अशी गोष्ट टेबलावर कळणे बरे नव्हे. गटातले निवृत्त बँक अधिकारी काका त्यामुळे चीजपासून दूर राहिले. त्यांच्यासाठी क्रोझे आले: नखाएवढे चौकोनी पास्त्याचे तुकडे, कुट्टूच्या पिठाचे, भरपूर लोणी आणि भाज्या घातलेले.

“ताई, कुट्टू म्हणजे हे उपासाला चालेल की!” काका म्हणाले.

“काका, यात गहूही असतो,” मी म्हटले.

“मग आणखी एक ताट मागवा, उपास मोडलाच आहे.”

शेवटी ब्लूबेरीसारख्या रानफळांचा, मिर्तीयचा टार्ट आला आणि सर्वांची जीभ जांभळी झाली. मालकीणबाई दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीची वेळ विचारायला आल्या. क्रवा द फेरच्या घाटासाठी मी साडेसहा ठरवली होती. गटाने एकमताने ती आठवर नेली आणि न्याहारीला बोफोर असेल ना, एवढेच माझ्याकडून विचारून घेतले.